जोतीबा, जोतीराव की ज्योतिबा? महात्मा फुलेंच्या नावाचा अर्थ आणि उगम काय?

पुण्यात मंडईत भाजी घेताना, गंज पेठेतल्या फुलेवाड्यासमोरून जाताना किंवा ११ एप्रिलच्या जयंतीचे फलक वाचताना एक गोष्ट नक्की लक्षात येते. एकाच माणसाचे नाव तीन-चार प्रकारे लिहिलेले दिसते. कुठे जोतीराव, कुठे जोतिबा, कुठे ज्योतिराव, तर कुठे ज्योतिबा. मग खरे नाव कोणते आणि ते आले कुठून?

देवाच्या यात्रेला जन्म

फुले यांचा जन्म ११ एप्रिल १८२७ चा. त्या दिवशी जोतिबाची चैत्री यात्रा होती, म्हणून मुलाचे नाव जोती ठेवले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. कोल्हापूरजवळ पन्हाळा तालुक्यातल्या वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर हा देव आहे. चैत्र पौर्णिमेला तिथे उंच सासनकाठ्या नाचतात, गुलालाने डोंगर लाल होतो, दवणा वाहिला जातो आणि ‘चांगभलं’चा गजर होतो. केदारनाथ हे याच देवाचे दुसरे नाव.

ज्या दिवशी जन्म, त्या दिवसाच्या देवाचे नाव, ही आपल्याकडची जुनी रीत. खंडू, म्हसू, भैरू ही नावेही अशीच देवांवरून आलेली. गंमत म्हणजे, जोतिबा कुलदैवत असलेल्या आजच्या घरात मुलाचे नाव जोतिबा क्वचितच ठेवले जाते. पण ‘केदार’ मात्र हौसेने ठेवतात. देव तोच, नाव जरा शहरी!

अर्थ काय?

संस्कृतातील ‘ज्योति’ म्हणजे प्रकाश, तेज. बोलीत जोडाक्षर गळून तिचे ‘जोती’ झाले. समईची ‘जोत’ही त्याच घरातली. (नांगराला जुंपायचे ‘जोत’ मात्र वेगळे, ते ‘योक्त्र’ या शब्दावरून आले.) पुढचा ‘बा’ म्हणजे बाप, वडीलधारा. विठोबा, खंडोबा, बिरोबा यांतला ‘बा’ तोच. तो फक्त देवांनाच लागतो असे नाही. फुल्यांच्या आजोबांचे नाव शेटीबा होते. ‘राव’ हा राजा या अर्थाच्या शब्दातून आलेला आदराचा प्रत्यय; वडील गोविंदराव, मुलगा जोतीराव.

आडनावाचीही गोष्ट आहे. हे घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातल्या कटगुणचे आणि आडनाव गोऱ्हे. पुण्यात पेशव्यांना फुले पुरवण्याचा व्यवसाय सुरू झाला आणि लोक त्यांना फुले म्हणू लागले.

मग बरोबर कोणते?

१८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ छापली गेली, त्याच वर्षी २४ सप्टेंबरला पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन झाला. स्वतःच्या पुस्तकांवर ते ‘जोतीराव गोविंदराव फुले’ असे नाव देत. सावित्रीबाईंच्या पत्रांत मात्र ते ‘जोतीबा’ आहेत. म्हणजे जाहीर कामात राव, जिव्हाळ्यात बा. दोन्ही त्यांचीच नावे.

‘ज्योतिबा’ हे शुद्धलेखनाच्या हौसेने संस्कृताकडे नेलेले रूप. ते चूक म्हणता येणार नाही, पण ज्या माणसाने आयुष्यभर शेतकऱ्या-कष्टकऱ्यांच्या भाषेत लिहिले, त्याच्या नावातले साधे ‘जो’ सुधारायला जाणे जरा विचित्रच. ऱ्हस्व-दीर्घाचा घोळही इथूनच होतो. तत्सम शब्द समासात आधी आला की ‘ज्योति’ ऱ्हस्व राहतो, म्हणून ‘ज्योतिराव’. ‘जोती’ हा बोलीतला शब्द, म्हणून ‘जोतीराव’.

‘महात्मा’ ही उपाधी ११ मे १८८८ रोजी मुंबईत मांडवी कोळीवाड्यातल्या सभेत मिळाली. मंडईचे नाव तर आणखी नंतरचे. १८८६ मध्ये ती उभी राहिली तेव्हा गव्हर्नरच्या नावावरून ‘रे मार्केट’ होती. नगरपालिकेचे सदस्य असताना फुल्यांनी या खर्चाला विरोध केला होता. पैसा शिक्षणावर लावा, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने त्याच इमारतीला त्यांचे नाव मिळाले.

मुलाचे नाव ठेवताय?

पणजोबांचे ‘जोतीबा’ पुन्हा घरात आणायचे असेल, तर मराठी आणि इंग्रजी दोन्ही स्पेलिंग आधीच ठरवा. जन्मनोंदणी नावाशिवायही होते. नंतर १२ महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क टाकता येते, त्यापुढे १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. जन्मदाखल्यावर ‘ज्यो’ आणि शाळेच्या दाखल्यावर ‘जो’ असे झाले, तर पुढे पासपोर्टच्या रांगेत त्याचा त्रास मुलालाच होतो.