उणे पाच म्हणजे नेमके काय? (लेखांक 7)

मुरगाव बंदरातल्या भरतीमापकाच्या मासिक सरासऱ्या लिव्हरपूलच्या ‘पर्मनंट सर्व्हिस फॉर मीन सी लेव्हल’ या संस्थेच्या जागतिक संग्रहात आहेत. ही संस्था 1933 पासून जगभरच्या किनाऱ्यांवरची समुद्रपातळी गोळा करते. तिच्या कुठल्याही स्थानकाची फाइल उघडली तर प्रत्येक ओळीत महिना, मिलिमीटरमधली पातळी, त्या महिन्यात किती दिवसांच्या नोंदी गहाळ आहेत तो आकडा आणि शेवटी खुणेचा रकाना असतो. ज्या महिन्याची पातळी उपलब्धच नाही, तिथे उणे 99999 लिहिलेले असते. हे माहीत नसताना कोणी बारा महिन्यांची सरासरी काढली आणि त्यातला एकच महिना असा निघाला, तर सुमारे 7,000 च्या ठिकाणी उत्तर उणे 1,900 च्या आसपास येईल, म्हणजे कागदावर समुद्र जवळपास नऊ मीटर खाली जाईल. असे सहसा होत नाही, कारण संस्थेने त्या आकड्याचा अर्थ फाइलीच्या वर्णनात स्पष्ट लिहून ठेवला आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तिने पातळी मोजण्याचा आधारच सरासरी समुद्रपातळीच्या सुमारे 7,000 मिलिमीटर खाली धरला आहे, म्हणजे खरी पातळी कधी ऋण येऊच नये. त्यामुळे ऋण आकडा दिसला की ते माप नव्हे, एवढे निःशंक कळते.

लिनक्सच्या कर्नलने हीच वाट धरलेली आहे. फाइलमधून मजकूर वाचणारे ‘रीड’ फंक्शन किती बाइट वाचले ते सांगते, फाइल संपली असेल तर शून्य परत करते, आणि काही बिघडले तर ऋण आकडा. कर्नलमधली इतर फंक्शनेही चूक अशीच कळवतात: फाइल सापडली नाही तर उणे 2, डिस्क भरली तर उणे 28, वाचता-लिहिताना यंत्रणेनेच दगा दिला तर उणे 5. बाइटची संख्या ऋण असू शकत नाही, म्हणून घोटाळा होत नाही. पुढे सी भाषेची लायब्ररी उणे 1 परत करते आणि खरे कारण ‘एरनो’ या चलात ठेवते, हे आपण मागे पाहिले. हा संकेत साधा वाटतो, पण तो सगळीकडे सारखा पाळला जाणे साधे नाही. सिलिकॉन ग्राफिक्सच्या आयरिक्समधून लिनक्समध्ये आलेली एक्सएफएस ही फाइल सिस्टिम कित्येक वर्षे आपल्या आत धन एरर कोड वापरत होती आणि बाहेर पडताना चिन्ह उलटवत होती. उलटवायचे राहिले तिथे दोष. शेवटी 2014 मध्ये लिनक्सच्या 3.17 या आवृत्तीसाठी साऱ्या एक्सएफएसमधली चिन्हे एकदम बदलावी लागली.

परंतु चिन्ह आणि आकडा ठरला म्हणजे काम झाले, असे मानणे ही खरी चूक आहे. भरतीमापकाच्या उणे 99999 चा अर्थ एकच, नोंद नाही. त्यापलीकडे वाचणाऱ्याला काही ठरवायचे नसते. फाइल सिस्टिमचे फंक्शन मात्र नुसते पाहून सांगत नाही, ते जगात बदल करते. ते अपयशी ठरले तर पहिला प्रश्न ‘का’ हा नसून ‘आता परिस्थिती काय आहे’ हा असतो. माझ्या मते एरर कोडच्या दस्तऐवजीकरणाचा गाभा इथेच आहे आणि नेमका तोच बहुतेक ठिकाणी लिहिलेला नसतो.

याचा सर्वांत मोठा पुरावा 2018 साली पुढे आला. आपण ‘राइट’ करतो तेव्हा मजकूर आधी स्मृतीत, पेज कॅशमध्ये जातो. डिस्कवर तो नंतर उतरतो. उतरलाच याची खात्री हवी असेल तर ‘एफसिंक’ बोलवायचे. एफसिंकच्या मॅन पेजवर ईआयओ, म्हणजे आपला उणे पाच, बराच काळ एका ओळीत आटोपला होता: उतरवताना चूक झाली. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या कर्त्यांनी त्यावरून एक समजूत बांधली. एफसिंक अपयशी ठरले तरी मजकूर स्मृतीत ‘न उतरलेला’ म्हणून शिल्लक असणार, थोड्या वेळाने पुन्हा बोलावले आणि ते यशस्वी झाले की सगळे सुरक्षित. प्रत्यक्षात लिनक्समधल्या प्रमुख फाइल सिस्टिम्स अपयशानंतर ती पाने ‘स्वच्छ’ म्हणून खूण करीत होत्या. दुसऱ्या एफसिंकला उतरवण्याजोगे काही उरतच नव्हते, म्हणून ते शून्य, म्हणजे यश, परत करीत होते. डेटाबेस समाधानाने पुढे जाई, बदलांची जुनी नोंदवही पुसून टाकी आणि मजकूर कायमचा गेलेला असे. मार्च 2018 मध्ये हे उघड झाल्यावर वर्षभराच्या आत, फेब्रुवारी 2019 च्या आवृत्त्यांत, पोस्टग्रेसने धोरण बदलले: एफसिंक अपयशी ठरले की सर्व्हर तिथेच पाडायचा आणि नोंदवहीतून सावरायचे. इथे आकडा चुकला नव्हता, एरर कोडही योग्य होता. अपयशानंतर त्या पानांचे काय होते, हे एक वाक्य तेवढे हरवले होते, आणि ते एका फाइल सिस्टिमपुरते लिहूनही भागले नसते. 2020 मध्ये विस्कॉन्सिनच्या संशोधकांनी ईएक्सटी4, एक्सएफएस आणि बीटीआरएफएस यांची तुलना केली. पहिल्या दोन फाइल सिस्टिम्स पाने स्वच्छ ठरवतात, तर बीटीआरएफएस जुन्या स्थितीकडे मागे जाते. त्यांनी तपासलेल्या पाच प्रोग्रॅम्सपैकी एकालाही एफसिंकच्या अपयशातून नीट सावरता आले नाही.

स्थिती सांगणारे दस्तऐवज लिहिता येत नाहीत असे नाही, काही ठिकाणी ते उत्तम लिहिलेले आहेत. ‘रिनेम’चे मॅन पेज बजावते की एनएफएस या नेटवर्कवरच्या फाइल सिस्टिमवर फंक्शनने अपयश कळवले तरी फाइलचे नाव बदलले गेलेच नसेल असे धरू नका, सर्व्हरने काम केले, मग तो कोसळला, आणि उठल्यावर पुन्हा आलेली तीच विनंती फसली, असे होऊ शकते. ‘क्लोज’चे पानही असेच मोलाचे. सिग्नलमुळे क्लोज मधेच तुटले तर पुन्हा बोलवावे का? लिनक्सवर नाही, कारण डिस्क्रिप्टर, म्हणजे उघडलेल्या फाइलचा क्रमांक, आधीच मोकळा झालेला असतो आणि तोच क्रमांक दुसऱ्या थ्रेडला मिळालेला असू शकतो; दुसऱ्याची फाइल आपण बंद करून बसू. एचपी-यूएक्सवर मात्र पुन्हा बोलवावे लागते. कोड तोच, नाव तेच, करायची कृती उलट. ‘राइट’चेही तसेच: डिस्क भरत आली असेल तर ते मागितलेल्यापेक्षा कमी बाइट लिहून तेवढा आकडा परत देते आणि उणे 28 पुढच्या खेपेला कळते. अपुऱ्या यशाची ही तऱ्हा न लिहिल्यास वापरणारा ती यशातच मोजणार.

यावर पहिला आक्षेप असा की एरर कोडची यादी कधी पूर्ण होऊच शकत नाही. आक्षेप खरा आहे. सिंडी रुबिओ-गोन्झालेझ आणि बेन लिब्लिट यांनी 2010 मध्ये फाइलींशी संबंधित 42 सिस्टिम कॉल्स 52 फाइल सिस्टिम्समध्ये कोणते कोड परत करतात ते प्रोग्रॅमच्या विश्लेषणाने काढले आणि मॅन पेजशी ताडून पाहिले. दस्तऐवजात नसलेली 1,700 हून अधिक उदाहरणे निघाली. एकही कॉल, एकही फाइल सिस्टिम सुटली नाही. त्यात ‘फ्यूज’सारख्या व्यवस्थेत फाइल सिस्टिम हा साधा प्रोग्रॅमच असतो आणि तो मनाला येईल तो कोड वर पाठवू शकतो. मग पूर्ण यादीचा हट्ट सोडावा हे मान्य. पण त्यातून ‘म्हणून काहीच लिहू नये’ हा निष्कर्ष निघत नाही, उलटाच निघतो. यादी अपुरी राहणार असेल तर ती अपुरी आहे हे लिहावे, आणि अनोळखी कोड आला तरी टिकेल असे एक वाक्य द्यावे: शून्य नसलेले काहीही परत आले तर फाइल जशीच्या तशी आहे, किंवा अर्धवट लिहिली गेली असू शकते, किंवा सांगता येत नाही. ‘सांगता येत नाही’ हेही प्रामाणिक आणि उपयोगी उत्तर आहे. त्यावरून वापरणारा जुनी प्रत जपून ठेवायला शिकतो.

दुसरा आक्षेप अधिक मुरलेला आहे: कोड हेच खरे दस्तऐवज, शंका असेल तर तो वाचावा. पण कोड आज काय घडते ते सांगतो. उद्याही तसेच घडेल याचे वचन तो देत नाही. शिवाय कोडमध्ये दिसणारी प्रत्येक गोष्ट हेतुपुरस्सर असते असेही नाही. विस्कॉन्सिनच्याच गटाने 2008 मध्ये लिनक्सच्या फाइल सिस्टिम्स तपासल्या तेव्हा एरर कोड परत करणाऱ्या सुमारे 9,000 कॉल्सपैकी 1,153 ठिकाणी, म्हणजे 13 टक्के, तो कोड वाटेतच टाकून दिलेला आढळला, आणि वाचण्यापेक्षा लिहिण्याच्या चुकांकडे अधिक दुर्लक्ष होते. असा कोड वाचणाऱ्याने काय समजावे? चूक गिळणे हा निर्णय आहे की विसर पडला आहे? ते केवळ शेजारचे वाक्यच सांगू शकते. आणि ज्यांना ते लागते त्यांनी कर्नल वाचत बसावे ही अपेक्षाही गैर आहे. मुरगावातच, हेडलँड सड्यावर, राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. अंटार्क्टिकावरच्या मैत्री आणि भारती या ठाण्यांची जबाबदारी त्याच्याकडे आहे. तिथल्या एका उन्हाळ्याची मापे पुन्हा घेता येत नाहीत. अशी मापे साठवणारा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला एफसिंक फसल्यावर आपल्या हाती काय उरले, हे त्या फंक्शनच्या वर्णनातच मिळायला हवे.

लिहायची जागा कर्नलमध्ये तयारच आहे. फंक्शनवरच्या टिप्पणीत ‘रिटर्न’ नावाचा वेगळा भाग ठेवण्याची पद्धत आहे. एक व्यावहारिक सूचना: त्या भागात एकाखाली एक कोड नुसते ओळी तोडून लिहिले तर तयार पानावर ते सगळे एका परिच्छेदात चिकटतात, यादीच्या खुणेनेच लिहावे लागते. प्रत्येक कोडपुढे कारणाबरोबर दोन गोष्टी असाव्यात, फाइलची स्थिती आणि पुन्हा प्रयत्न करणे सुरक्षित आहे की नाही. टिप्पण्या शिळ्या होतात, हा उरलेला आक्षेप. त्यावर उपाय असा की स्थितीविषयीचे वाक्य तपासता येते, कारणाविषयीचे सहसा नाही. लिनक्सच्या 4.13 या आवृत्तीपासून डिस्कवर उतरवतानाची चूक ती फाइल उघडून बसलेल्या प्रत्येकाला कळवली जाते. पूर्वी जो पहिला विचारेल त्यालाच ती कळे आणि खूण पुसली जाई. हा बदल मॅन पेजवर वाक्य म्हणून आला, तसाच फाइल सिस्टिमच्या चाचणी-संचात चाचणी म्हणूनही: एकच फाइल अनेकदा उघडायची, खालची डिस्क मुद्दाम बिघडवायची, आणि प्रत्येक डिस्क्रिप्टरवर एफसिंक बोलावून प्रत्येकाला उणे पाच मिळतो का ते पाहायचे. पुढे कोणी ते वर्तन बदलले तर मॅन पेज उघडण्याआधीच ही चाचणी नापास होते.