टाकीपासून जेटपर्यंत : जुन्या बुलेटच्या जीर्णोद्धाराविषयी

ज्या घरात एके काळी बुलेट होती आणि विकली गेली नाही, त्या घरात ती बहुधा पडवीच्या कोपऱ्यात, ताडपत्रीखाली, टाकीत उरलेल्या थोड्याशा पेट्रोलासह उभी असते. आणि तिला पुन्हा चालती करावी असा विचार घरातील कर्त्या माणसाच्या मनात आला, म्हणजे तो प्रथम रंग, क्रोम आणि नव्या सीटच्या खर्चाचा हिशेब मांडू लागतो. माझा आक्षेप या क्रमालाच आहे. गाडी धडपणे चालत नाही तोवर तिचे सौंदर्य ही केवळ शोभा होय, आणि वर्षानुवर्षे उभी राहिलेली गाडी न चालण्याचे कारण बहुतेक वेळा टाकीपासून कार्बोरेटरच्या जेटपर्यंतच्या दीड-दोन हातांच्या वाटेवर कोठे तरी दडलेले असते.

इंग्लंडातील रेडिच येथे जन्मलेली ही गाडी सैन्याच्या सीमेवरील गस्तीसाठी भारत सरकारने पसंत केली आणि १९५५ साली मद्रासेत एन्फील्ड इंडिया ही कंपनी स्थापन होऊन तिची जुळणी येथेच होऊ लागली. पुढे रेडिचचा कारखाना १९६७ साली आणि इंग्लंडातील उरलासुरला कारभार १९७० साली बंद पडला. मद्रासची बुलेट मात्र त्याच जुन्या आराखड्यावर तयार होत राहिली. सत्तर मिलिमीटर व्यासाचे सिलिंडर आणि नव्वद मिलिमीटरांचा पिस्टनचा प्रवास, अशी लांब दमाची तिची रचना असल्यामुळे हे ३४६ सीसीचे इंजिन सावकाश, परंतु जोमाने फिरते, आणि त्याच्या मागण्या मोजक्याच आहेत : योग्य वेळी ठिणगी, पुरेशी हवा आणि त्या हवेच्या प्रमाणात पेट्रोल.

हे प्रमाण राखण्याचे काम ज्या उपकरणाकडे आहे, त्याचे मूळ तत्त्व डॅनियल बर्नुली याने १७३८ सालच्या आपल्या ग्रंथात सांगितलेले आहे : प्रवाहाचा वेग वाढला की त्याचा दाब उतरतो. पिस्टन खाली जाताना कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यातून हवा वेगाने ओढली जाते, तेथे दाब उतरतो, आणि खालच्या वाटीतील पेट्रोल बारीक छिद्रातून वर चढून तुषाररूपाने हवेत मिसळते. बर्मिंगहॅमच्या अमल कंपनीने हे तत्त्व ज्या साध्या, सरकत्या दट्ट्याच्या (स्लाइडच्या) घडणीत उतरवले, तिचाच वारसा जपानच्या मिकुनीने पुढे चालवला आणि आपल्याकडील पुष्कळशा बुलेटांवर दिसणारा मिककार्ब हा त्याच कुळातला होय. ॲक्सिलरेटरची केबल स्लाइड वर उचलते, स्लाइडला लटकलेली निमुळती सुई जेटमधून वर येते आणि जितकी हवा वाढते तितके पेट्रोल वाढते. एवढ्या अल्प साधनांत एवढा काटेकोर न्याय साधणारे यंत्र मी दुसरे पाहिलेले नाही, आणि म्हणूनच पहिल्या तक्रारीला ते काढून फेकण्याची जी प्रथा गॅरेजांतून रुळली आहे, तिचे मला मनापासून वाईट वाटते.

चौकशी टाकीपासून आरंभावी. अर्धी रिकामी टाकी वर्षभर उभी राहिली, की दिवसाच्या उन्हाने आणि रात्रीच्या गारव्याने आतल्या हवेतील बाष्प पत्र्यावर साकळते, गंज धरतो, आणि त्याची तांबूस भुकटी कॉकच्या जाळीतूनही निसटून वाटीत उतरते. मग मिस्त्री ज्याला ‘कचरा आलाय’ म्हणतो, तो प्रकार कार्बोरेटर कितीही वेळा धुतला तरी पुनःपुन्हा उद्भवतो. म्हणून टाकी गाडीवरून उतरवून, जुने पेट्रोल उघड्या जागी आणि विस्तवापासून दूर काढून टाकावे. ऊन पाण्यात लिंबूसत्त्व विरघळवून ते टाकीत एक-दोन दिवस राहू द्यावे. गंज जाड असेल तर मूठभर नट आत घालून टाकी हलवावी, नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने आम्लाचा अंश मारावा, आणि लगोलग गरम हवेने ती कोरडी करावी, कारण उघडा पडलेला पत्रा ओला राहिला तर काही तासांतच पुन्हा तांबूस होतो. टाकीला छिद्र असल्यास वेल्डिंगच्या मोहात पडण्यापूर्वी एवढे ध्यानात ठेवावे, की रिकाम्या दिसणाऱ्या टाकीतील पेट्रोलची वाफ ही भरल्या टाकीहून अधिक स्फोटक असते.

टाकीच्या झाकणाकडे सहसा कोणी पाहत नाही. त्यात हवेसाठी एक सूक्ष्म छिद्र असते. रंगकामात किंवा धुळीने ते बुजले, की पेट्रोल जसजसे खाली उतरते तसतशी आत पोकळी निर्माण होते, आणि काही मैल उत्तम चाललेली गाडी आचके देऊन बंद पडते. थोडा वेळ थांबल्यावर ती पुन्हा चालू होते, पुन्हा तितक्याच अंतरावर थांबते, आणि मालक कार्बोरेटरवर, प्लगवर, कॉइलवर पैसे खर्च करीत राहतो. अशा वेळी झाकण सैल करावे. आत हवा शिरल्याचा हलका आवाज झाला आणि गाडी धावू लागली, तर दोष हाती लागला असे समजावे.

कार्बोरेटर उघडल्यावर वाटीच्या तळाशी पांढरी पूड आणि वार्निशासारखा पिवळट थर आढळतो. पूड ही जस्तमिश्र धातूवर पाण्याने केलेली करणी, आणि थर हा आटून गेलेल्या पेट्रोलचा अवशेष. मेन जेट आणि त्याहून बारीक असलेला पायलट जेट उजेडासमोर धरावा. छिद्र गोल आणि स्वच्छ दिसले पाहिजे. ते उघडण्यासाठी तांब्याची वा पोलादाची तार घालणे हा अक्षम्य अपराध समजावा, कारण पितळ मऊ असते आणि केसभर मोठे झालेले छिद्र जेटवर कोरलेल्या आकड्याला कायमचे खोटे ठरवते. क्लीनर आणि दाबाची हवा यांवरच भिस्त ठेवावी. फ्लोटची सुई झिजली असेल तर वाटी भरून वाहते, आणि कॉक उघडा राहिला तर पेट्रोल सिलिंडरमार्गे इंजिनच्या तेलात उतरते. तेलाला पेट्रोलचा वास येत असेल तर ते बदलल्यावाचून किकला हात, किंबहुना पाय, लावू नये.

सर्व स्वच्छ करूनही गाडी रेस सोडताच बंद पडते, तेव्हा ती बहुधा ‘एअर घेत’ असते. इंजिनाला भिडणारी कार्बोरेटरची सपाट कड नट अतिरेकी आवळल्याने धनुष्यासारखी वाकते आणि फटीतून आगंतुक हवा आत शिरते. जाड काचेवर बारीक पॉलिशपेपर अंथरून ती कड सावकाश घासून सपाट केली आणि नवा ओ-रिंग बसवला, की हा मामला मिटतो. मात्र कार्बोरेटरच्या नावावर खपणारे कितीतरी दोष विजेचे असतात, यास्तव पॉइंटची फट, कंडेन्सर आणि टायमिंग तपासल्यावाचून स्क्रूला हात घालू नये. नंतर एअर स्क्रू पूर्ण आवळून अंदाजे दीड फेरा मागे घ्यावा, इंजिन चांगले तापू द्यावे, आणि ते सर्वांत जलद व सुरळीत फिरते ती जागा कानाने शोधावी. बंद रेसपासून थोड्या रेसपर्यंत पायलट जेट आणि स्लाइडचा काप, मधल्या पल्ल्यात सुई, आणि अखेरच्या चतुर्थांशात मेन जेट, अशी ही अधिकारविभागणी असल्यामुळे गाडी कोणत्या टप्प्यावर अडखळते, यावरूनच दोषी भाग ओळखता येतो.

आता इंधनच बदलले आहे. पेट्रोलात वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे धोरण २०२३ पासून पंपांवर दिसू लागले, आणि ते इथेनॉल आपल्याच पश्चिम महाराष्ट्रातील साखर कारखान्यांच्या आसवन्यांतूनही येते. उसाच्या बागायतदाराला त्याचा लाभ आहे, हे मी आनंदाने मान्य करतो. परंतु जुन्या गाडीच्या दृष्टीने त्याचे तीन परिणाम ध्यानात घ्यावे लागतात. शुद्ध पेट्रोलच्या एका भागास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते, तर इथेनॉलला नऊच. त्यामुळे जुन्या जेटवर मिश्रण पातळ होते आणि इंजिन तापते. सुईची क्लिप एक खाच खाली घेणे किंवा मेन जेट एक आकडा वाढवणे हा त्यावरचा उपाय. दुसरे, इथेनॉल जुने रबर, बुचाचे वॉशर आणि टाकीतील काही जुने लेप यांना खाते, म्हणून नळी व सील इथेनॉलला टिकणारेच घ्यावेत. तिसरे, ते ओलावा शोषते. मर्यादेबाहेर पाणी झाले, की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी वेगळा थर धरतात, आणि कॉक नेमका तेथूनच पेट्रोल घेतो. ज्याला गाडी महिनाभर उभी करायची आहे, त्याने कॉक बंद करून वाटी रिकामी होईपर्यंत इंजिन चालवावे.

कागदपत्रांचा भाग थोडक्यात सांगतो. नोंदणीची मुदत पंधरा वर्षांनी संपते आणि नूतनीकरण करावे लागते; पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या गाड्यांसाठी केंद्र सरकारने २०२१ साली स्वतंत्र व्हिंटेज नोंदणीची तजवीज केली आहे. रंगापूर्वी पत्रा घासताना चासिसवरचा क्रमांक झिजू देऊ नये आणि त्यावर जाड रंगही चढू देऊ नये, कारण दस्तऐवजातील आकडा आणि गाडीवरील आकडा जुळला नाही तर सगळी मेहनत दफ्तरात अडकून पडते.

ज्यांच्या घरी अशी गाडी आहे, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे, की गाडीचा मूळ कार्बोरेटर, तो आज कितीही निकामी दिसत असला, तरी भंगारात देऊ नये. नवा बसवलाच तर जुना तेल लावून, पिशवीत बांधून, गाडीच्या कागदांबरोबर जपून ठेवावा.