कापलेल्या जाळ्याचा पंचनामा

जुन्नरच्या मळ्यातून बिबट्याने शेळी ओढून नेली म्हणजे वनखात्याचा माणूस पंचनाम्यास येतो, कारण रक्ताचा माग आणि अर्धवट खाल्लेले कलेवर तेथे साक्षीला उरलेले असते. परंतु वरळी कोळीवाड्याच्या क्लीव्हलंड बंदरावरून निघालेल्या होडीच्या जाळ्यात कासव सापडले आणि त्याच्या सुटकेसाठी तांडेलाने स्वतःचेच जाळे कापले, तर भर दर्यात त्या हानीचा पंच कोण?

डॉल्फिन आणि कोळी एकाच माशांच्या मागावर असतात. जाळ्यातला आयता मासा ओढताना डॉल्फिन जाळे फाडतो, क्वचित स्वतःच त्यात गुरफटतो. व्हेल शार्क बिचारा प्लवकांवर जगणारा, पण ते अजस्र धूड जाळ्यात शिरले की जाळ्याच्या चिंध्या होतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याची छाया त्याला २००१ साली लाभली.

कासवाची गोष्ट अधिक निकडीची. श्वासासाठी त्याला पाण्यावर यावेच लागते. वल्ह्यांसारखे त्याचे पुढचे पाय नायलॉनच्या धाग्यांत असे आवळलेले असतात की गाठी सोडवीत बसण्यास सवड नसते. एकेक फास सुरीने छेदावा लागतो, आणि अखेरचा धागा तुटून ते खोल सूर मारते तेव्हा मागे जाळ्याला माणूस आरपार जाईल एवढे भगदाड उरते.

डिसेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्र शासनाच्या कांदळवन कक्षाने व मत्स्यव्यवसाय विभागाने यावर उत्तम तजवीज केली: संरक्षित जीव जिवंत सोडावा, छायाचित्र वा चित्रफीत पुराव्यादाखल जोडून अर्ज करावा, आणि जाळ्याच्या नुकसानीपोटी कमाल २५,००० रुपये घ्यावेत. छायाचित्र हाच दर्यावरचा पंचनामा!

ही रक्कम बक्षीस नव्हे, हक्क आहे, असे मी आग्रहाने म्हणतो. कारण कासव कायद्याने सर्वांचे ठरले, पण जाळे एकट्याचेच राहिले. जून-जुलैच्या मासेमारीबंदीने ज्यांचे दोन महिने आधीच गेलेले असतात, सागरी किनारा मार्गाच्या पुलाखालून होड्या सुखरूप जाव्यात म्हणून खांबांमधील अंतर ६० वरून १२० मीटर करवून घेण्यास ज्यांना झगडावे लागले, त्यांच्याकडून आणखी त्याग कोणत्या तोंडाने मागावा? फाटलेले जाळे छायाचित्रात दिसते. ते पुन्हा विणून होईपर्यंत किनाऱ्यावर बसून काढलेले दिवस त्यात दिसत नाहीत. शासनाने त्या बुडालेल्या दिवसांची मजुरीही हिशेबात धरावी, आणि नवे जाळे पाण्यात पडण्यापूर्वी ती तांडेलाच्या हाती द्यावी.