निचुलाच्या वनांत

अंकोरचे संस्कृत शिलालेख डोळ्यांनीं पाहावे, ही आमची जुनी हौस २०२३ च्या कार्तिकांत पुरी झाली. परंतु कंबोडियाहून परततांना मनांत घर करून राहिलें तें एक बुडालेलें अरण्य.

सिएम रीपहून तोन्ले साप सरोवराकडे निघालों, तों दुतर्फा भातखाचरें लागलीं. हवा कोंकणांतल्या भाद्रपदासारखी दमट. कांपोंग फ्लुक गांवचीं घरें तीन-चार पुरुष उंच खांबांवर उभीं. तेथून होडींत बसलों. वल्हविणारी बाई आम्हांस झाडांच्या शेंड्यांमधून नेऊं लागली. एका फांदीस हात टेकला, तेव्हां वाटाड्यानें तिचें शास्त्रीय नांव सांगितलें : बॅरिंग्टोनिया. म्हणजे कोंकणांतल्या निवराच्याच कुळांतला, अमरकोशांतला निचुल ऊर्फ हिज्जल! मेघदूत शिकवितांना हा शब्द कितीदां उच्चारला असेल. झाड मात्र इतक्या दूर भेटलें.

तोन्ले साप नदी ह्या सरोवरांतून निघून नॉम पेन्ह येथें मेकाँगेस मिळते. पावसाळ्यांत मेकाँग इतकी चढते कीं, ही नदी चक्क उलटी वाहूं लागते. उन्हाळ्यांत सुमारें अडीच हजार चौरस किलोमीटर असलेलें सरोवर मग चांगल्या वर्षीं पांच-सहा पट पसरतें. मासे बुडालेल्या वनांत चरून वाढतात. पाणी ओसरलें कीं ओल्या गाळांत शेतकरी भात लावतो. एकच पूर दोघांस पोसतो.

पूर म्हणजे संकट, असें आम्हीं जन्मभर मुलांस शिकविलें. येथें पूर न येणें हेंच संकट! २०१६ च्या अवर्षणांत हें वन वाळून त्याचा फार मोठा भाग जळाला. २०१९ व २०२० सालीं पाणी उशिरां आलें, तेंहि तोकडें. वर मेकाँगवर धरणें, आणि इकडे वन तोडून भातशेती.

"शेत वाढलें तर त्यांत वाईट काय?" आम्हीं विचारलें. आम्ही शिक्षक हें कळल्यापासून वाटाड्या आम्हांस 'लोक क्रू' म्हणे. त्यांतला क्रू म्हणजे आपला गुरूच. तो म्हणाला, "लोक क्रू, भात आम्हांलाहि हवा. पण त्याच्याबरोबर खायला मासा कोठून आणावा?"

आम्हांस उत्तर सुचलें नाहीं.

परततांना बाईनें एका खोडावरची जुन्या पुराची खूण दाखविली. ती पाण्याच्या हातभर वर होती.