राज्यघटनेतले फसली साल

राज्यघटनेच्या नवव्या परिशिष्टात १९५१ साली पहिल्यांदा तेरा कायदे घातले गेले. त्यातले शेवटचे दोन मराठवाड्याच्या माणसाने जरूर वाचावेत. बारावा हैदराबाद संस्थानातल्या जहागिरी रद्द करणारा, तेरावा त्यांच्या भरपाईसंबंधीचा. आधीच्या कायद्यांपुढे १९४८, १९५० अशी साले आहेत. या दोघांपुढे १३५८ आणि १३५९ फसली. बीडमध्ये ज्याच्या घरी आजोबांच्या जमिनीचे कागद आहेत, त्याला फसली म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. निजामाच्या महसुली दप्तराची ही कालगणना. इसवी सनातून साधारण ५९० वजा केले की फसली साल येते.

मसुदा समिती नेमली गेली २९ ऑगस्ट १९४७ रोजी. त्याच वर्षी २९ नोव्हेंबरला निजामाने भारताशी ‘जैसे थे’ करार केला. फेब्रुवारी १९४८ मध्ये मसुदा तयार होऊन लोकांच्या सूचनांसाठी छापला गेला, तेव्हा बीड, गेवराई, अंबाजोगाईवर रझाकारांची दहशत होती. हैदराबादवर भारताची पोलीस कारवाई झाली १३ ते १७ सप्टेंबरला, आणि ४ नोव्हेंबरला डॉ. आंबेडकरांनी मसुदा घटना समितीपुढे मांडला. सूचना पाठवण्याचे ते महिने आपल्याकडे जीव वाचवण्यात गेले. घटना समितीत हैदराबादचा एकही प्रतिनिधी नव्हता.

याचा अर्थ इकडच्या लोकांना घटनात्मक राज्याचे भान नव्हते असा मुळीच नाही. अंबाजोगाई, म्हणजे तेव्हाचे मोमिनाबाद, येथील योगेश्वरी शाळेत मुख्याध्यापक राहिलेले स्वामी रामानंद तीर्थ १९३८ मध्ये स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहात उतरले. त्यांची मागणी होती जबाबदार राज्यपद्धतीची: मंत्र्यांनी जाब द्यायचा तो निवडून आलेल्या सभेला, निजामाला नव्हे. सरकारने ही संघटना स्थापन होण्याआधीच तिच्यावर बंदी घातली. संस्थानाने स्वतःहून ज्या सुधारणा देऊ केल्या, त्यांत प्रतिनिधित्व धंद्यांनुसार आणि हितसंबंधांनुसार होते. गावातल्या प्रत्येक प्रौढाला मत हा विचारच नव्हता.

शेवटी घटना आली ती निजामाच्याच फर्मानाने. नोव्हेंबर १९४९ च्या शेवटच्या आठवड्यात, घटना समितीने २६ तारखेला घटना स्वीकारण्याच्या दोन-तीन दिवस आधी, मीर उस्मान अली खान यांनी ती हैदराबादला लागू राहील असे जाहीर केले. लोकांच्या नावाने सुरू होणारा ग्रंथ आपल्याकडे राजाच्या हुकमाने पोचला! २६ जानेवारी १९५० पासून हैदराबाद ‘भाग ब’ मधले राज्य झाले, आणि जिथे इतरत्र राज्यपाल, तिथे आपल्याकडे राजप्रमुख म्हणून तेच निजाम.

तरी कागद अमलात यायला वेळ लागला नाही. लातूरला वकिली केलेला रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी आपल्यावरच्या खटल्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेला, तो समानतेच्या चौदाव्या कलमाचा आधार घेऊन. १९५३ मध्ये त्याचे म्हणणे फेटाळले गेले, पण बहुमताने. न्यायमूर्तींमध्ये एकमत नव्हते. ज्याने समानता पायदळी तुडवली त्याचेही म्हणणे पाच न्यायमूर्तींनी ऐकून घेतले, याचे मला अजूनही अप्रूप वाटते. आणि बीडकरांनी १९५२ च्या पहिल्याच लोकसभा निवडणुकीत काँग्रेसची लाट बाजूला सारून पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंटचे रामचंद्र गोविंद परांजपे निवडून दिले. संस्थानातले कम्युनिस्ट तेव्हा या आघाडीच्या नावाने लढत होते. पुढे १९६७ मध्ये याच मतदारसंघाने साताऱ्याकडच्या क्रांतिसिंह नाना पाटलांना दिल्लीला धाडले.

आता कलम ३७१. मूळ घटनेत हे कलम ‘भाग ब’ राज्यांना दहा वर्षे राष्ट्रपतींच्या सर्वसाधारण नियंत्रणाखाली ठेवणारे होते. थोडक्यात, दिल्लीचा या राज्यांवर पुरता भरवसा नव्हता. १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने अ, ब, क हे भाग गेले, राजप्रमुखपद गेले, राज्य पुनर्रचना कायद्याने मराठवाड्याचे पाच जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात आले आणि ३७१ मध्ये मजकूरच नवा बसला. दुसऱ्या पोटकलमात मराठवाड्याचे नाव आहे: स्वतंत्र विकास मंडळ, त्याच्या कामाचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे, निधीचे न्याय्य वाटप, तंत्रशिक्षणाच्या आणि सरकारी नोकरीच्या पुरेशा संधी.

मंडळे प्रत्यक्षात आली १९९४ मध्ये, अडतीस वर्षांनी. ३० एप्रिल २०२० रोजी त्यांची मुदत संपली, तेव्हा मुदतवाढ मिळाली नाही. यात घटनाभंगही नाही, कारण हे कलम राष्ट्रपतींना तसा आदेश काढण्याचा अधिकार देते, सक्ती करत नाही. बीडच्या अनुशेषावर विधानसभेत तावातावाने बोलणाऱ्यांनी आधी हे पोटकलम उघडावे; सरकारला धरायचे ते तिथे.