शहाण्या घराची सजावट

पेडणे तालुक्यातील इब्रामपूर हे गाव बांबूच्या विणकामासाठी ओळखले जाते. सुपे, रोवळ्या, डाल्या, टोपल्या असल्या नित्योपयोगी वस्तू तेथील कसबी हात पिढ्यानपिढ्या विणीत आले आहेत. अशीच एक टोपली अलीकडे आम्ही म्हापशातील एका सदनिकेत छताला उलटी टांगलेली पाहिली. तिच्या आत विजेचा दिवा होता. विणीच्या फटींतून प्रकाश पाझरत होता आणि भिंतीवर त्याची नाजूक जाळी पडली होती. आम्ही कौतुकाने वर पाहत राहिलो, तेव्हा घरची सून हसून म्हणाली, "ही कल्पना मांयची. मी दुकानातले महागडे झुंबर पसंत करून आले होते."

या कल्पनेत कला आहे, तसे शास्त्रही आहे. जुन्या तारेच्या ६० वॉटच्या बल्बात विजेचा फारच थोडा भाग प्रकाश होई आणि उरलेल्याची उष्णता होई. तो या टोपलीत लावला असता तर बांबू काही महिन्यांतच करपला असता. आजचा ९ वॉटचा एलईडी दिवा जवळजवळ तेवढाच उजेड देतो आणि टोपलीला धग लागत नाही. इब्रामपूरच्या हस्तकलेला नव्या विजेने अशी जागा करून दिली आहे.

हे कुटुंब मूळचे इब्रामपूरच्या बाजूचे. थोरला मुलगा आखातात, धाकटा म्हापशाला नोकरीस. गावचे घर जुने. दर पावसाळ्यात कौले चाळावयाची, वाळवी काढावयाची. वडील वारल्यानंतर आईने तेथे एकटीने राहणे मुलांना पटेना. धाकट्याने सदनिका घेतली. आई यावयास तयार झाली, पण तीन अटींवर: घरातील ओरातोर बरोबर येईल, फणसाच्या लाकडाचा बाक बरोबर येईल आणि संध्याकाळची जपमाळ चुकणार नाही. मोपाचा विमानतळ २०२३ च्या जानेवारीत वाहतुकीस खुला झाला. तेव्हापासून आपल्या तालुक्यातही सदनिकांची भाषा ऐकू येऊ लागली आहे. म्हणून या घराची हकीकत आमच्या खेड्यांतील वाचकांनाही उपयोगी पडेल असे आम्हांस वाटते.

सदनिका म्हटली की गोव्याच्या माणसाला पहिली उणीव भासते ती बल्कांवची. दारापुढील त्या ओट्यावर बसून निम्मे जगणे होत असे. तथापि इमारतीत राहूनही ओट्याचे सुख मिळू शकते, हे मूळच्या गोमंतकीय असलेल्या चार्ल्स कोरिया या वास्तुशिल्पज्ञाने दाखवून दिले आहे. मुंबईत कंबाला हिलवर त्यांनी बांधलेली 'कांचनजंगा' ही अठ्ठावीस मजल्यांची इमारत १९८३ साली पूर्ण झाली. मुंबईत समुद्राचा वारा पश्चिमेकडून येतो; पण कडक ऊन आणि पावसाचा मारा हेही त्याच बाजूने येतात. जुन्या बंगल्यांनी भोवती व्हरांडा फिरवून हा पेच सोडविला होता. कोरियांनी तीच युक्ती उचलून प्रत्येक घराच्या कोपऱ्यात दोन मजले उंचीची मोकळी बाग ठेवली. ती घरे श्रीमंतांची खरी. पण व्हरांड्याची कल्पना गरिबाच्या गॅलरीतही चालते. म्हापशाच्या या कुटुंबाने तेच केले. शेजाऱ्यांनी गॅलऱ्या काचेने बंद करून खोल्या वाढविल्या. यांनी ती उघडीच ठेवली, पावसासाठी वर कापडी छत लावले आणि तेथे फणसाचा बाक मांडला. दुपारच्या उन्हासाठी गावच्या पडक्या बाजूच्या खिडक्यांतील शिंपल्यांची दोन तावदाने आणून बसविली. शिंपल्यातून येणारा उजेड दुधासारखा मऊ असतो, डोळ्यांना खुपत नाही. मात्र या शिंपल्यांना आता कायद्याचे संरक्षण आहे. नवे शोधण्याच्या भरीस कोणी पडू नये. घरात जुने असतील तर जपावेत.

बाकीच्या सजावटीचे वर्णन थोडक्यात होईल, कारण सामानच थोडे आहे. भिंती चुन्याच्या रंगाच्या, एकच भिंत जांभ्या दगडाच्या रंगाची. डिचोलीची एक पितळी समई, मातीचा एक माठ, गाद्यांवर कुणबी लुगड्याच्या चौकटींचे लाल कापड. हे विणकाम मागे पडले होते. नदीपलीकडच्या कोलवाळचे वेषशिल्पकार वेंडेल रॉड्रिग्ज, जे २०२० साली निवर्तले, त्यांनी त्याला पुन्हा प्रतिष्ठा मिळवून दिली. दिवाणखान्याचा मध्य मोकळा आहे. पाहुणे आले की चटई पसरता येते आणि नातवंडांना लोळता येते. पुष्कळ घरांत आम्ही असे पाहतो की सोफा इतका मोठा असतो की बसणाऱ्याला त्याच्या कलाने बसावे लागते. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात आपल्या खोल्यांचा, घरांचा आणि शेजाराचा उल्लेख केला आहे. भोवताल गोंगाटाचा आणि अस्ताव्यस्त असेल तर मनाचे स्वास्थ्य टिकविणे कठीण जाते, अशा आशयाचे विवेचन त्यात आहे. सजावटीच्या पुस्तकात आम्हांस हे क्वचितच आढळले.

आता या लेखाच्या मथळ्यातील शहाणपणाकडे वळू. ज्याला 'स्मार्ट होम' म्हणतात त्यात दिवे, पंखे, कुलुपे ही घरातील वाय-फायला किंवा तशाच बिनतारी जाळ्याला जोडलेली असतात. त्यांना हुकूम देता येतो तो मोबाइलवरून, आवाजाने, किंवा आधी ठरवून दिलेल्या वेळेने. एवढ्याने घर शहाणे होते की नाही हा प्रश्न वेगळा. धाकट्या मुलाला या विद्येची हौस, म्हणून त्याने उत्साहाने सारे घर जोडून घेतले.

काही गोष्टी उत्तम जमल्या. दिव्यांचा रंग हे त्यांतले पहिले उदाहरण. प्रकाशाच्या रंगाचे माप केल्विनमध्ये सांगतात. ६५०० केल्विनचा उजेड पांढरा निळसर, दवाखान्यासारखा; २७०० केल्विनचा पिवळसर, चुलीच्या उजेडासारखा. आपल्याकडे दुकानदार बहुधा पहिलाच हाती देतो आणि घरोघर दवाखाने होतात. या घरात अभ्यासाच्या टेबलावर पांढरा आणि बाकी सर्वत्र पिवळा आहे, आणि रात्री नवानंतर तो आपोआप मंद होतो. पंखेही नव्या बीएलडीसी जातीचे घेतले. जुना पंखा सुमारे ७५ वॉट वीज खातो, हा ३० च्या आसपास. दिवसाला बारा तास धरले तर तीन पंख्यांमागे महिन्याला ४८ युनिटे वाचतात. गृहिणींनी हा हिशेब स्वतः करून पाहावा.

काही गोष्टी फसल्या. खोलीत माणूस वावरला की दिवा लागावा आणि नसला की विझावा, अशी डोळ्यासारखी एक डबी दिवाणखान्यात बसविली होती. ही डबी अंगाची उष्णता टिपते; पण ती उष्णता हलत असेल तरच. पहिल्याच शनिवारी कुटुंब ओरातोरपुढे गुडघे टेकून बसले आणि तिसऱ्या रहस्याच्या मध्यावर घरात काळोख झाला. सर्वजण इतक्या भक्तीने निश्चल होते की घराला वाटले, येथे कोणीच नाही! नातवाने हात हलविला, दिवा लागला आणि पुढचे 'नमो मरिया' हसण्यात बुडाले. निश्चल माणूसही ओळखणारी महाग यंत्रे आहेत. परंतु आजीने साधे बटण मागितले आणि तेच लावले. प्रार्थनेत यंत्र नकोच असे मात्र कोणी समजू नये. पोपमहाशयांच्या जागतिक प्रार्थना-संघाने २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये मनगटावर घालावयाची एक विद्युत जपमाळ काढली. क्रूसाची खूण केली की ती सुरू होते.

वायरिंगबद्दल दोन शब्द सविस्तर लिहिणे अवश्य आहे, कारण चूक होते ती येथेच. बहुतेक शहाण्या बटणांना न्यूट्रल तार लागते आणि जुन्या घरांत नुसत्या बटणाच्या पेटीपर्यंत ती पुष्कळदा आणलेलीच नसते. म्हणून भिंतींना गिलावा होण्याआधीच वायरमनला तसे सांगावे. अर्थिंग नीट असावे आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्यावा. ओल्या हाताने झटका बसण्याचा प्रसंग आला तर तो क्षणार्धात वीज तोडतो. सह्याद्रीच्या पायथ्याशी वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजा कडाडतात, तेव्हा तारेतून येणारा दाबाचा लोट नाजूक उपकरणे जाळून टाकतो. मुख्य पेटीतच त्याला अडविणारे साधन लावलेले बरे. गावच्या जुन्या घरांत आणखी एक अडचण येते: चिऱ्यांच्या जाड भिंतींतून वाय-फाय पलीकडे पोहोचत नाही. तेथे २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा ५ गिगाहर्ट्झपेक्षा बरा चालतो. राऊटर कपाटात न कोंडता घराच्या मध्यावर उंच ठेवावा.

आणि प्रत्येक दिव्याला हाताने दाबावयाचे बटण, प्रत्येक कुलुपाला खरी किल्ली असलीच पाहिजे. वीज जाते एवढेच याचे कारण नव्हे. अशी पुष्कळ उपकरणे दूर देशीच्या एखाद्या कंपनीच्या संगणकाला विचारून मग दिवा लावतात. अमेरिकेत 'रिव्हॉल्व्ह' नावाच्या यंत्राची सेवा २०१६ साली बंद करण्यात आली आणि पैसे मोजून घेतलेली यंत्रे निकामी झाली. २०२२ च्या एप्रिलमध्ये 'इन्स्टिऑन' या कंपनीचे संगणक अचानक बंद पडले, तेव्हाही अनेक घरांची तीच गत झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस 'मॅटर' हा सर्वांना समान असा नियम प्रसिद्ध झाला. या नियमाची उपकरणे घरातल्या घरात एकमेकांशी बोलू शकतात. खरेदी करताना ही खूण पाहावी आणि 'इंटरनेट नसताना हे चालेल काय?' असे दुकानदाराला बेधडक विचारावे.

परंतु या घरातील खरा पेच विजेचा नव्हता. थोरला मुलगा आखातातून सुट्टीवर आला आणि जाताना त्याने दिवाणखान्यात एक कॅमेरा बसविला. हेतू निर्मळ होता. धाकटा व सून दिवसभर कामावर, आईचे वय झालेले, गुडघे दुखणारे; ती पडली तर कळावे कसे? कॅमेऱ्याचा रोख आरामखुर्चीवर आणि ओरातोरवर होता. चार दिवस आई काही बोलली नाही. पाचव्या दिवशी तिने मिस्सेला डोक्यावर घ्यावयाचा आपला रुमाल त्या कॅमेऱ्यावर घातला. संध्याकाळी फोन आला: "मांय, कॅमेरा बिघडला काय?"

"बिघडला नाही, बाबा, झाकला आहे. देवापुढे मी एकटी बसते, रडतेसुद्धा कधी. ते देवाने पाहावे. तुला मला पाहावयाचे असेल तर असा फोन कर."

मुलगा रागावला. 'तुझ्याच काळजीने केले' असे म्हणाला आणि आठवडाभर अबोला राहिला. तो रास्त बोलत होता आणि आईही रास्तच बोलत होती. २०२३ साली संसदेने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला आहे. पण व्यक्तीने केवळ घरगुती कारणासाठी वापरलेल्या माहितीला तो लागू होत नाही. आई आणि मुलगा यांच्यातील हा तंटा घरातच सुटावयाचा होता. आमचा कल आईकडे आहे हे आम्ही लपवीत नाही. आजाऱ्याची शुश्रूषा करतानाही आपण मध्ये पडदा धरतो. मग धडधाकट माणसाला चोवीस तास उघडे का ठेवावे?

तोड सुनेने काढली. कॅमेरा दाराबाहेर गेला. बेल वाजली की कोण आले ते आईलाच खुर्चीतून दिसते. ती फसलेली डबी खाट ते न्हाणीघर या वाटेवर, जमिनीलगत लागली. रात्री पाय खाली ठेवताच मंद उजेड होतो, आणि तेथे माणूस चालताच असतो, म्हणून ती चुकत नाही. उशाशी एक बटण आहे. दाबले की धाकट्याचा, सुनेचा आणि समोरच्या शेजारणीचा फोन वाजतो. चहापुडीच्या कपाटाच्या दाराला एक लहानसा चुंबकी तुकडा लावला आहे. सकाळी आठपर्यंत ते दार उघडले नाही तर आखातात निरोप जातो. या शेवटच्या गोष्टीला आई संमती देईल की नाही याची सर्वांना धाकधूक होती. ती म्हणाली, "दाराने सांगितले तर चालेल. दार काही बघत नाही."

थोरल्याला आता रोज सकाळी आईचा चहा झाल्याचे कळते आणि मग तो फोन करतो. पूर्वी तो रविवारीच करीत असे.

आम्ही निघालो तेव्हा सांज झाली होती. गावी असताना आंजेलूसच्या घंटेने आईला वेळ कळे. येथे रस्त्याच्या गजबजाटात घंटा ऐकू येत नाही. म्हणून टोपलीतला दिवा सूर्यास्ताशी जोडला आहे. गोव्यात सूर्यास्त नोव्हेंबरअखेर सहाच्या सुमारास होतो आणि जुलैत सात वाजून जातात. दिवा त्याप्रमाणे रोज थोडा सरकतो. तो लागला. आईने बाकावरून उठून टीव्ही स्वतःच्या हाताने बंद केला, शेजारची दोन मुले चपला दाराशी काढून आत आली आणि सुनेने खुंटीवरची जपमाळ काढली.