ओपलचे हरपलेले रंग

माणकाचा लाल रंग त्यातील क्रोमियमच्या अल्पशा अंशामुळे येतो. शतके लोटली तरी तो फिका पडत नाही. ओपलची गोष्ट निराळी आहे. त्याच्या पोटात हिरव्या, निळ्या, तांबड्या छटा खेळताना दिसतात, परंतु त्या कोणत्याही रंगद्रव्याच्या नसतात. या छटा मंदावल्या की अंगठीचा धनी साहजिकच चिंतेत पडतो आणि कोणी सांगेल तो उपाय करून पाहतो. वाचू शकला असता असा खडा पुष्कळदा या उपायांनीच हातचा जातो.

ओपल म्हणजे पाणी धरून ठेवलेली सिलिका होय. हे पाणी सामान्यतः वजनाच्या ३ ते १० टक्के असते. छटांचे रहस्य ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी १९६४ साली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने उलगडले. फळवाल्याने संत्री रचावीत तसे सिलिकेचे गोलक ओपलमध्ये थरावर थर रचलेले असतात. एकेका गोलकाचा व्यास मिलिमीटरच्या दहा हजार भागांपैकी दीड ते तीन भाग एवढाच भरतो. या रचनेमुळे प्रकाशाचे विवर्तन होऊन रंग प्रकटतात. तेव्हा रंग हरपला म्हणजे काही झिजून गेले असे नव्हे. प्रकाशाच्या वाटेत कशाने तरी अडथळा आणला आहे, एवढेच त्यावरून समजावे. तो अडथळा कोणता, हे आधी ओळखले पाहिजे.

इथिओपियाच्या वोलो प्रांतात २००८ साली सापडलेल्या साठ्यातील बहुतेक ओपल सच्छिद्र असतात. असा खडा पाण्यात पडला की गोलकांमधील पोकळ्या पाण्याने भरतात. प्रकाशाच्या दृष्टीने सिलिका व पाणी यांत फारसा भेद नसल्याने खडा काचेसारखा पारदर्शक होतो व छटा मावळतात. वॉल्टर स्कॉटच्या १८२९ सालच्या एका कादंबरीत पवित्र जलाचा थेंब पडताच ओपल निस्तेज झाल्याचे वर्णन आहे. वाचकांनी त्यातून अपशकुन तेवढा घेतला. वास्तविक असा खडा सावलीत, उष्णता न देता काही दिवस ठेवला की सुकून पूर्ववत होतो. घाईने दिव्याखाली वा उन्हात धरल्यास मात्र तो तडकण्याचा धोका असतो. आपल्याकडे शुक्रासाठी ओपल धारण करण्यापूर्वी अंगठी दुधात व मधात बुडविण्याची रीत आहे. सच्छिद्र खड्याला ही रीत मानवत नाही. पाणी उडून जाते. स्निग्ध व गोड पदार्थ आत राहून खडा पिवळसर होऊ शकतो. तेल, अत्तर व साबण यांचेही तसेच.

याच्या उलट, अमेरिकेतील नेवाडा राज्याच्या व्हर्जिन व्हॅलीतील पुष्कळसे ओपल पाणी गमावताना तडकतात, म्हणून संग्राहक ते पाण्याने भरलेल्या काचपात्रात ठेवतात. कोळ्याच्या जाळ्यासारख्या या भेगा पडल्या की पाण्यात बुडवून त्या सांधत नाहीत. तेल किंवा राळ भरून त्या काही काळ झाकता येतात, परंतु ती दुरुस्ती नव्हे. भेगा वरवरच्या असतील तर कुशल कारागीर तेवढा थर घासून काढू शकतो; अर्थात खडा लहान होतो.

काही खडे अखंड नसतातच. ओपलची पातळ चकती काळ्या दगडावर चिकटवून त्यावर काचेचे आवरण बसविलेले असते. कडेने पाणी शिरले की चिकटद्रव्य धूसर होते आणि खडा धुके साचल्यासारखा दिसतो. थर सुटे करून पुन्हा जोडणे हाच यावर उपाय असून बहुधा तो खड्याच्या किमतीहून महाग पडतो.

सर्वांत सामान्य कारण सर्वांत साधे आहे. ओपलची कठिनता ५.५ ते ६.५, तर धुळीतील क्वार्ट्‌झची ७. नित्य वापरात पृष्ठभागावर बारीक ओरखडे उठतात व प्रकाश आत शिरण्यापूर्वीच विखुरतो. अशा खड्याला कारागिराने पुन्हा झिलई दिली की झाकोळलेले रंग वर येतात. जुन्या अंगठ्यांच्या बाबतीत म्हणूनच प्रथम भिंगाखाली पृष्ठभाग तपासावा, कडेला जोडाची रेषा दिसते का ते पाहावे आणि तोवर खड्याला पाणी लावू नये.